वाचक विचारतात : इंडोनेशियातील खेडे, तेथील जमीन आणि तेथील राहणे

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे इंडोनेशियातील शेतकरी गावांविषयीची आहेत. जकार्ता, सुराबाया किंवा बाली येथे नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील खेडी जवळची वाटू लागतात, भातखाचरे आणि कौलारू घरे मनात भरतात आणि मग जमीन घेण्याचा विचार सुरू होतो. पत्रलेखकांची नावे न छापता पत्रांतील मुख्य मजकूर व त्याखाली उत्तर दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा नोकरीनिमित्त बालीतील देनपासार येथे राहतो. तबानान जिल्ह्यातील एका खेड्यात रस्त्यालगत २० आर भातशेती विकाऊ आहे. परदेशी माणसाला ती घेता येत नाही, म्हणून मुलाच्या कार्यालयातील एका स्थानिक सहकाऱ्याच्या नावावर खरेदी करावी आणि त्याच्याकडून कर्जाचा करारनामा व कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यावे, असे मध्यस्थ सुचवतो. सर्व कागद नोटरीसमोर होतील आणि दहा वर्षांत भाव तिप्पट होईल, असेही तो म्हणतो. व्यवहार करावा का? (नाशिक)

उत्तर : हा व्यवहार करू नये, आणि इसार अद्याप दिला नसेल तर तोही देऊ नये.

इंडोनेशियाचा जमिनीविषयीचा मूलभूत कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या २१ व्या कलमानुसार जमिनीची पूर्ण मालकी, जिला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात, ती इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळू शकते. एवढे मध्यस्थाने आपल्याला सांगितले आहे, पण २६ वे कलम त्याने सांगितलेले दिसत नाही. परदेशी व्यक्तीच्या हाती अशी जमीन सरळ किंवा आडमार्गाने पोहोचावी म्हणून केलेली विक्री, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा अन्य कोणताही व्यवहार त्या कलमाने मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालच्या परिपत्रकात आणखी स्पष्ट केले आहे की, पैसा परदेशी माणसाने दिलेला असला तरी प्रमाणपत्रावर ज्याचे नाव असेल तोच त्या जमिनीचा मालक समजला जाईल. मागे न घेता येणाऱ्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे जमीन फिरवण्याची पद्धत तर १९८२ पासून सरकारी आदेशाने बंद आहे. नोटरीची सही आणि शिक्का यांनी कागद नीटनेटका होतो, पण मुळात बेकायदा असलेला व्यवहार त्याने कायदेशीर होत नाही.

मुलाचा सहकारी प्रामाणिक असेलही. तथापि त्याचा अकाली मृत्यू झाला, त्याच्यावर कर्जाचा दावा लागला किंवा त्याचा घटस्फोट झाला, तर आपला संबंध त्याच्याशी उरत नाही; तो त्याच्या वारसांशी, सावकाराशी आणि न्यायालयाशी येतो, आणि तेथे आपल्या हातातील प्रत्येक कागद आपल्याच विरुद्ध पुरावा ठरतो. शिवाय भातशेतीच्या बाबतीत या सहकाऱ्यापुढेही अडचण आहे. १९६१ च्या नियमांनुसार शेतजमिनीचा मालक त्याच तालुकावजा विभागात, म्हणजे ‘कचामातान’मध्ये, किंवा लगतच्या विभागात राहणारा असावा लागतो. त्याने मुक्काम हलवला, तर ठरावीक मुदतीत जमीन तेथील रहिवाशाला द्यावी किंवा स्वतः परत राहायला यावे, अशी अपेक्षा आहे. या नियमाची अंमलबजावणी ढिली आहे हे खरे, पण वाद उभा राहिला की नेमके हेच कलम पुढे येते.

हा कायदा परदेशी माणसाच्या द्वेषातून आलेला नाही, हे आपण समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. डच राजवटीत १८७० च्या कायद्याने मळेवाल्या कंपन्यांना ७५ वर्षांपर्यंतचे पट्टे मिळू लागले आणि जावाचा शेतकरी आपल्याच मुलुखात मजूर झाला. स्वतंत्र देशाने ‘शेतजमीन जो कसतो त्याच्याकडे राहावी’ असे दहाव्या कलमात लिहिले, ते या अनुभवातून. कायदा संमत झाला तो २४ सप्टेंबर हा दिवस तेथे आजही शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कूळ कायद्याने जी आडकाठी घातली, तिच्यामागचा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

आता तिप्पट भावाविषयी. मध्यस्थ जो भाव सांगतो तो भाताचा नसून त्या जागी उद्या उभ्या राहू शकणाऱ्या बंगल्याचा आहे. परंतु शाश्वत शेतजमिनीच्या संरक्षणाचा २००९ चा कायदा आणि २०२१ साली बालीसह आठ प्रांतांत आखलेले संरक्षित भातक्षेत्र यांमुळे अशा जमिनीवर बांधकामाची परवानगी सहजासहजी मिळत नाही. ती जमीन भातशेतीच राहणार असेल, तर तिप्पट भावाच्या अपेक्षेला आधार कोणता?

आणि परवानगी मिळाली तरी पाण्याचा प्रश्न राहतोच. तबानानमधील खाचरांना ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या सामायिक पाणीसंस्थेमार्फत पाणी मिळते. युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या सुबाक भूप्रदेशात याच जिल्ह्यातील जातिलुविह परिसर येतो. पाटात आडवा ओंडका बसवलेला असतो आणि त्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कोरलेल्या असतात. खाचेची रुंदी म्हणजे खालच्या शेतकऱ्यांचा पाण्यातील वाटा. लावणी कधी करायची आणि पाणी कोणत्या दिवशी सोडायचे, हे ‘पेकासेह’ हा सुबाकचा प्रमुख सभासदांच्या बैठकीत ठरवतो. धुळे-नाशिक भागातील फड पद्धत आपण पाहिली असेल, तर ही व्यवस्था आपल्याला लगेच समजेल. अशा उतरणीवरील मधले खाचर भिंत घालून अडवले, तर नुकसान खालच्या सगळ्या शेतांचे होते. गावाने अशा मालकाला आपला मानावे, ही अपेक्षा रास्त नाही.

मुलाला खेड्यात राहण्याचीच हौस असेल, तर गावठाणाच्या क्षेत्रातील बांधलेले घर भाडेपट्ट्याने घ्यावे. करार नोटरीसमोर करावा, मूळ प्रमाणपत्र भूमी कार्यालयात पडताळून घ्यावे, मालकाच्या भावांची व प्रौढ मुलांची संमती सहीनिशी घ्यावी आणि मुदतवाढ कोणत्या दराने मिळेल ते करारातच लिहून घ्यावे. जमीन विकली गेली तरी चालू भाडेपट्टा आपोआप तुटत नाही, हे तेथील दिवाणी संहितेचे तत्त्व आपल्या बाजूचे आहे. ‘हक पाकाई’ हा वापराचा नोंदणीकृत हक्क परदेशी रहिवाशाला ३० वर्षांसाठी मिळतो, त्याला २० वर्षांची मुदतवाढ व पुढे ३० वर्षांचे नूतनीकरण मिळू शकते. मात्र तो घरासाठी आहे, शेतीसाठी नाही. त्यासाठी प्रांतवार किमान किंमतही ठरवलेली असून ती इतकी वरची आहे की खेड्यातील साधे घर तिच्यात बसत नाही.

पैसे आपण भारतातून पाठवणार असाल, तर आणखी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत दरवर्षी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, पण कारण लिहून द्यावे लागते आणि परदेशातील मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावरील जमिनीसाठी पाठवलेल्या रकमेचे खरे कारण आपण बँकेला काय लिहून देणार, याचाही विचार करावा.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, भारतीय नागरिक. माझे पती जावा बेटावरील क्लातेन जिल्ह्यातील आहेत; आम्ही जकार्तात राहतो. सासऱ्यांच्या नावावर गावी घर व थोडी भातशेती आहे, पण सरकारी प्रमाणपत्र नाही, केवळ ग्रामकार्यालयातील जुन्या वहीत नोंद आहे. पुढे या जमिनीवर माझा किंवा माझ्या मुलीचा हक्क राहील का? (जकार्ता)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतील तातडीचा प्रश्न वहीचा आहे.

ही वही म्हणजे ‘लेटर सी’. तिच्या पानावर कर भरणाऱ्याचे नाव, तुकड्याचा क्रमांक, सावाह म्हणजे भातखाचर की कोरडी जमीन आणि तिची प्रत, क्षेत्र, कर, आणि शेवटी नाव बदलण्याचे कारण व तारीख असे रकाने असतात. सातबारा आणि फेरफार वाचण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ते पान चटकन उलगडते. पण मुळात ती करवसुलीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. २०२१ च्या अठराव्या शासकीय नियमावलीने अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती २ फेब्रुवारी २०२६ ची. त्यानंतर हे कागद हक्काचा पुरावा म्हणून चालत नाहीत, केवळ माग काढण्यासाठीचा दुवा म्हणून उपयोगी पडतात. जमीन सरकार काढून घेते, अशी भीती गावोगावी पसरली आहे, ती खरी नाही. कुटुंबाचा प्रत्यक्ष ताबा असेल तर नोंदणी पुढेही करता येते. मात्र सासरे हयात असताना, शेजारच्या बांधांचे मालक साक्ष द्यायला असताना आणि ग्रामप्रमुख त्यांना ओळखत असताना हे काम जितके सरळ होते, तितके नंतर होत नाही. २०१७ पासून संपूर्ण गावाची एकत्रित मोजणी व नोंदणी करण्याची सरकारी मोहीम राबवली गेली आहे. सासऱ्यांच्या गावाचा तिच्यात समावेश झाला होता का, हे ग्रामकार्यालयात प्रथम विचारावे.

दुसरा प्रश्न आपल्या हक्काचा. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार वारसाने आलेली मालमत्ता ज्याची त्याची स्वतंत्र राहते, त्यामुळे पतींना वडिलांकडून जमीन मिळण्यात आपल्या नागरिकत्वाचा अडथळा नाही. अडथळा येतो तो लग्नानंतर दोघांनी मिळून विकत घेतलेल्या जमिनीत, कारण ती सामायिक ठरते आणि सामायिक मालकीतील अर्धा वाटा परदेशी व्यक्तीकडे जातो. पूर्वी यावर लग्नाआधीचा करार हाच उपाय होता. संविधान न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ च्या निकालात लग्नानंतरही असा मालमत्ता-विभक्तीचा करार करण्यास मुभा दिली. आपण तो केलेला नसेल, तर जकार्तातील घर घेण्यापूर्वी अवश्य करावा. आपल्या मनात त्यामुळे दुरावा येईल अशी शंका असेल तर ती बाजूला ठेवावी. या करारामुळे आपल्या पतींना स्वतःच्याच देशात जमीन घेण्याचा हक्क पूर्ण वापरता येतो.

पतींच्या पश्चात जमीन वारसाने आपल्याकडे आली, तर एका वर्षाच्या आत ती इंडोनेशियन नागरिकाकडे सोपवावी लागते. घराच्या जागेपुरते हक मिलिकचे रूपांतर हक पाकाईत करून आपण तेथे राहू शकता, शेतीबाबत ती सोय नाही. म्हणूनच मुलीच्या नागरिकत्वाचा निर्णय महत्त्वाचा आहे. इंडोनेशियाचा २००६ चा नागरिकत्व कायदा मिश्र विवाहातील अपत्याला १८ वर्षांपर्यंत दुहेरी नागरिकत्व देतो आणि पुढील तीन वर्षांत एकाची निवड करायला सांगतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलीने इंडोनेशियाचे नागरिकत्व राखले तर आजोबांची जमीन तिला पूर्ण हक्काने मिळू शकते. भातशेतीच्या वारसाला मात्र एका वर्षात त्याच भागात राहायला जाणे किंवा तेथील माणसाला जमीन देणे, हा नियम लागू आहे. त्यामुळे शेती कसणाऱ्या दिराकडे किंवा चुलतभावाकडे द्यावी आणि घर मुलीकडे ठेवावे, अशी वाटणी सासऱ्यांच्या हयातीतच झाली तर ती सर्वांना सोयीची होईल.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, शाकाहारी आहोत. योग्यकार्ताजवळच्या एखाद्या खेड्यात काही वर्षे शांतपणे राहावे अशी इच्छा आहे. तेथील दैनंदिन जीवन कसे असते आणि आम्हाला झेपेल का? (पुणे)

उत्तर : राहणे झेपेल, पण शांततेची आपली कल्पना थोडी बदलावी लागेल. जावाचे खेडे दाट वस्तीचे आणि शेजाऱ्यांत मिसळलेले असते. पहाटे मशिदीच्या भोंग्याने दिवस उजाडतो आणि लग्नकार्य असले की रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. तेथे एकांत शोधणाऱ्याला त्रास होतो. माणसांची आवड असणाऱ्याचे दिवस चांगले जातात.

गेल्यावर पहिले काम म्हणजे आपल्या गल्लीच्या ‘आरटी’ प्रमुखाला भेटून नोंद करणे. पंचवीस-पन्नास घरांच्या या गटावर गावाचे बरेचसे जीवन चालते. रविवारी सकाळी रस्ता व गटारे साफ करण्याचे सामुदायिक काम, महिलांची भिशी, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर सर्वांनी काम टाकून जाणे, हे सारे या गटातून होते. अनेक गावांत घराच्या दर्शनी भिंतीला एक लहान डबी किंवा बांबूचे नळकांडे टांगलेले दिसते. घरातील माणूस त्यात रोज चिमूटभर तांदूळ, आता बहुधा एखादे नाणे, टाकतो. रात्रीच्या गस्तीवरील पाळीचे लोक टॉर्च घेऊन घरोघर ते गोळा करतात आणि त्या निधीतून आजाऱ्याला मदत, खुर्च्या-तंबू, गल्लीतील दिवे असा खर्च भागतो. आपण परदेशी आहात म्हणून कोणी मागणार नाही. आपण होऊन ती डबी टांगावी, असे मी आग्रहाने सांगतो.

जेवणाची चिंता फार करू नये. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू, शेंगदाण्याच्या वाटणातील पाल्याची कोशिंबीर, खोबरे घातलेल्या उकडलेल्या भाज्या, फणसाची गुदग हे रोजचेच पदार्थ आहेत. सांबल नावाच्या मिरचीच्या ठेच्यात मात्र बहुधा ‘तेरासी’, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो. तो नको म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे लागेल. गावचे बाजार कित्येक ठिकाणी सात दिवसांच्या आठवड्यावर न भरता लेगी, पहिंग, पोन, वागे, क्लिवोन या पाच दिवसांच्या जावानी चक्राप्रमाणे भरतात, हे लक्षात ठेवले की भाजी ताजी मिळते.

साध्या आजारासाठी सरकारी आरोग्य केंद्र जवळ असते, पण हृदयविकार वा अस्थिभंग यांसाठी शहरच गाठावे लागते. म्हणून स्वतःचा आरोग्यविमा असल्याशिवाय जाऊ नये. निवृत्तांसाठीच्या परवान्यावर कोणतेही काम, बिनपगारी शिकवणीसुद्धा, करण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा. घर विकत घेण्याचा विचार सध्या नको. खेड्यात घरे वर्षाच्या बोलीने, पूर्ण भाडे आगाऊ देऊन मिळतात. प्रथम एक वर्ष तसे राहून पाहावे. घर निवडताना मेरापी ज्वालामुखीचा धोकानकाशा अवश्य पाहावा. २०१० च्या उद्रेकात तीनशेहून अधिक माणसे गेली आणि उतारावरील वस्त्या कायमच्या हलवाव्या लागल्या. दक्षिणेकडे बांतुलच्या बाजूला पाहत असाल, तर २७ मे २००६ च्या भूकंपानंतर बांधलेले, लोखंडी सळ्यांचे खांब-तुळया असलेलेच घर घ्यावे.

प्रश्न : मी कृषी पदवीचा विद्यार्थी आहे. इंडोनेशियातील लहान भातशेतकऱ्याचे भवितव्य काय, आणि तरुण शेती का सोडतात? (सांगली)

उत्तर : अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली शेतकरी कुटुंबे २०१३ च्या कृषिगणनेत सुमारे १ कोटी ४२ लाख होती, २०२३ च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ६९ लाखांवर गेली. एकूण शेतकरी कुटुंबांत त्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे. वारसांत होणाऱ्या वाटण्या हे यामागचे मोठे कारण आहे. अर्धा हेक्टर भातावर चार माणसांचे कुटुंब आणि मुलांचे कॉलेज चालत नाही, म्हणून तरुण कारखान्यात, बांधकामावर किंवा मलेशिया, तैवान, हाँगकाँगला कामाला जातात, आणि रमजान ईदेला गाव पुन्हा भरते.

सरकारने जानेवारी २०२५ पासून भाताचा खरेदी दर किलोला ६,५०० रुपिया केला, त्याने दिलासा मिळाला. परंतु कापणीची मजुरी आणि वाहतूक टाळण्यासाठी अनेक शेतकरी उभे पीकच व्यापाऱ्याला विकतात, आणि वाढीव दराचा किती भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतो हे व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर ठरते. बटाईने कसणाऱ्याची स्थिती आणखी नाजूक आहे. १९६० च्या दुसऱ्या कायद्याने बटाईचा करार लेखी आणि ग्रामप्रमुखासमोर व्हावा असे म्हटले. प्रत्यक्षात अर्धेलीचा व्यवहार बहुतेक वेळा तोंडीच होतो, आणि मालकाने जमीन विकली की कसणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

जमीन विकून येणारा पैसा हा उपाय आहे का, याचे उदाहरण म्हणून पूर्व जावातील तुबान जिल्ह्याचे सुमुरगेनेंग गाव अभ्यासावे. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमीन गेल्यावर मिळालेल्या पैशातून शेतकऱ्यांनी घेतलेल्या नव्या गाड्यांची २०२१ साली तेथे एकाच वेळी रांग लागली आणि देशभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी त्यांपैकी काही शेतकरी उत्पन्न बंद झाले म्हणून प्रकल्पात नोकरी मागत निदर्शनाला उभे होते. माझ्या मते लहान शेतकऱ्याला जमीन टिकवण्याइतके उत्पन्न मिळवून देणे हाच मुख्य प्रश्न आहे. २०१५ पासून प्रत्येक गावाला थेट मिळणाऱ्या ग्रामनिधीतून पाट, शेतरस्ते आणि गावची सामायिक गिरणी उभारणाऱ्या ग्रामपरिषदा आपण पाहाव्यात. निवडलेल्या गावातील निधी कशावर खर्च झाला, याचा फलक बहुधा ग्रामकार्यालयाबाहेरच लावलेला असतो. अभ्यासाची सुरुवात तेथून करावी आणि शक्य असल्यास कापणीच्या महिन्यात जावे, कारण उभ्या पिकाचे सौदे त्याच दिवसांत बांधावर होतात.